तीन पौंड हवा : आप्पांबरोबर रेक्याविकचे पाच दिवस

"आइसलँडला? तिथं काय हाय?" गावात ज्यानं त्यानं हेच विचारलं. मी ज्वालामुखी, धबधबे असं काहीबाही सांगायला लागायचो. आप्पा मध्येच तोडायचे, "जीपा हायत."

आप्पा म्हणजे माझे वडील. गारगोटी–कोल्हापूर रस्त्यावर त्यांनी बावीस वर्षं वडाप, म्हणजे सवाऱ्यांची खाजगी जीप, चालवलं. दहा जणांच्या महिंद्र कमांडरमध्ये सोळा माणसं, एखादी शेळी आणि टपावर खताची पोती हा रोजचा हिशेब. वडाप सुटून पंधरा वर्षं झाली, पण कमांडर अजून गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी आहे. दर अमावास्येला तिला आंघोळ आणि नारळ चुकत नाही. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना आइसलँडच्या टोरफाइरा शर्यतीचा एक व्हिडिओ दाखवला. गाडी जवळजवळ उभ्या कड्याला भिडते, वर जाता जाता उलटते, चार कोलांट्या खात खाली येते आणि चालक हात हलवत बाहेर पडतो. आप्पांनी तो परत लावायला सांगितला. मग परत. शेवटी आईनं फोन काढून घेतला. गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं निघालो तेव्हा आई एवढंच म्हणाली, "त्या जीपांचं काय ते एकदा बघून या, म्हंजे मी सुटले."

गुरुवार : उजवीकडून

केफ्लाविक विमानतळापासून राजधानी रेक्याविक साधारण 50 किलोमीटर. दोन्ही बाजूंना काळ्या लाव्हाचं रान, त्यावर करड्या शेवाळाची गादी, झाड औषधालाही नाही. तापमान 4 अंश आणि पाऊस वरून न पडता बाजूनं येणारा. भाड्याची छोटी फोर बाय फोर मी चालवत होतो. आप्पा उजव्या सीटवर बसले होते, म्हणजे त्यांच्या हिशेबानं ड्रायव्हरच्याच जागी, आणि समोर स्टिअरिंग नाही. पहिले वीस किलोमीटर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.

रस्ता गुळगुळीत, पण डांबरात दोन चाकोऱ्या पडलेल्या. हिवाळ्यात इथं खिळ्यांचे टायर चालतात, 1 नोव्हेंबर ते 14 एप्रिल, आणि ते खिळे डांबर खरवडून काढतात. पावसात त्या चाकोऱ्यांत पाणी साचतं आणि गाडी तरंगल्यासारखी होते. आप्पांनी हे माझ्याआधी ओळखलं. "चाकोरी सोडून चालव. बैलगाडी न्हाई ही."

गावात शिरताना पहिल्याच दोन पदरी गोल चौकात मी मार खाता खाता वाचलो. आइसलँडचा नियम असा की चौकातून बाहेर पडताना आतल्या पदरातल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. मी बाहेरच्या पदरात निवांत होतो. आतून एक व्हॅन सरळ माझ्या नाकासमोरून कापून निघून गेली, हॉर्नसुद्धा न वाजवता. पाच दिवसांत मी हॉर्न एकदाच ऐकला. तो माझाच होता, चुकून हात लागून वाजलेला.

संध्याकाळी लॉयगार्दाल्सलॉयगच्या सार्वजनिक तलावावर गेलो. गावोगावी असे गरम पाण्याचे तलाव आहेत, पाणी जमिनीखालून येतं. आत जाण्याआधी साबण लावून, अंगावर काहीही न ठेवता आंघोळ करायची सक्ती आहे. मला वाटलं, इथं आप्पा अडणार. ते म्हणाले, "तालमीत काय वेगळं असतंय?" आणि निघालेसुद्धा. मीच टॉवेल धरून कोपरा शोधत बसलो.

उघड्यावरच्या गरम कुंडात, डोक्यावर बारीक गारा पडत असताना, एक आजोबा भेटले. आम्ही भारतातून आलो आणि तिकडं गाड्या डावीकडून चालतात हे ऐकून ते हसले, "आम्हीही डावीकडून चालवायचो." 26 मे 1968, रविवार, सकाळी सहा वाजता अख्ख्या देशानं बाजू बदलली. ते तेव्हा शाळकरी होते, वडिलांनी मुद्दाम उठवून रस्ता बघायला नेलेलं. देशभरात त्या बदलामुळं जखमी झाला तो फक्त एक सायकलवरचा मुलगा, त्याचा पाय मोडला. आप्पांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "आपल्याकडं आसं केलं तर ट्रकवालं म्हणणार, आम्ही सोमवारपासनं."

जाणाऱ्यांसाठी थोडं इथंच सांगतो. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. गाडीचे दिवे दिवसरात्र चालू ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. वेग गावात साधारण 50, खडीच्या रस्त्यावर 80, डांबरी रस्त्यावर 90. बहुतेक पंपांवर माणूस नसतो, पिन असलेलं कार्ड लागतं. निघण्याआधी ते चालतंय का बघा.

शुक्रवार : रून्तुर

सकाळी शहर पायी पाहिलं. हॉलग्रिम्सकिर्क्याचा 74 मीटर उंच मनोरा, बंदर, रंगीत पत्र्याची घरं. सुंदर आहे, फोटो सगळ्यांनी पाहिलेत, पुढं जातो.

दुपारी बायारिन्स बेस्तू या टपरीवर सॉसेज-पाव खाल्ला. 1937 पासूनची टपरी, 2004 मध्ये बिल क्लिंटननी इथं खाल्लं म्हणून जगभर गाजली. सॉसेजमध्ये मुख्य मटण, खाली कच्चा कांदा आणि कुरकुरीत तळलेला कांदा, वर गोडसर मोहरीची चटणी. "सगळं घालून" मागायचं. आप्पांनी पहिला घास खाऊन सांगितलं, "मटण हाय, पण तिखट विसरलंय." खिशातून आईनं दिलेली कांदा-लसूण मसाल्याची पुडी निघाली. नंतर त्यांनी आणखी दोन खाल्ले.

मी खरा वाट पाहत होतो रात्रीची. रेक्याविकमध्ये 'रून्तुर' नावाची जुनी रीत आहे. शब्द डॅनिशमधून आलेला, अर्थ फेरी. शुक्रवारी-शनिवारी रात्री तरुण पोरं गाडी काढून शहराच्या मधल्या रस्त्यांवर गोल गोल फिरत राहायची, चालण्याच्या वेगानं, काचा खाली करून. कुठं जायचं नाही, काही आणायचं नाही. कोण कुणाच्या गाडीत बसलंय ते बघायचं आणि आपल्याला बघू द्यायचं. बाहेर बसण्यासारखी हवा वर्षात मोजके दिवस, त्यामुळं हिटर लावलेली गाडी हाच त्यांचा पार आणि हाच कट्टा. ही फेरी लॉयगावेगुर रस्त्यावरून जायची. त्या नावाचा अर्थ गरम झऱ्यांकडं जाणारा रस्ता. पूर्वी बायका डोक्यापाठीवर धुणं घेऊन या वाटेनं झऱ्यावर जायच्या. धुण्याच्या वाटेवर पोरं गाड्या फिरवायला लागली, आणि आता त्या रस्त्याचा बराचसा खालचा भाग फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवलाय. जिथं गाड्यांची रांग लागायची तिथं पर्यटक फिरतात. आम्हीही त्यातलेच, तक्रार कुठल्या तोंडानं करणार.

पण रीत मेलेली नाही, सरकलीय. रात्री नऊला आम्ही ग्रांडीकडं गेलो, बंदरालगतचा जुना मासळीच्या गोदामांचा भाग. चांगलं ऊन होतं. मेच्या सुरुवातीला इथं सूर्य दहानंतर बुडतो. मोकळ्या जागेत पंधरा-वीस गाड्या उभ्या होत्या. खाली बसवलेल्या जपानी, एक आकाशी रंगाची जुनी अमेरिकन, दोन मुकाट टेस्ला. विजेच्या गाड्या इथं इतक्या झाल्यात की 2024 पासून सरकारनं त्यांच्यावर किलोमीटरमागं कर बसवलाय. सगळ्यांच्या हातात आइस्क्रीम. बाहेर 5 अंश, आणि लोक सहकुटुंब गाडी काढून आइस्क्रीम खायला येतात. याला त्यांच्याकडं 'आइस्क्रीमची चक्कर' असा वेगळा शब्दच आहे. आम्ही 'ब्राग्दारेवुर' घेतलं, म्हणजे आइस्क्रीममध्ये हवी ती चॉकलेटं आणि फळं घालून घुसळलेला घट्ट गोळा. नावाचा अर्थ लबाड कोल्हा. चमचा उभा राहतो.

मी पैसे देऊन वळलो तर आप्पा गायब. दोन मिनिटांनी त्यांचे बूट दिसले, एका जीपखालून बाहेर आलेले.

जीप म्हणजे साधी नव्हे. मूळची टोयोटा, पण चाकं 44 इंची, माझ्या कमरेच्या वर. चाकांवरचे पत्रे कापून रुंद केलेले, टपावर दिव्यांची रांग. मी धावत गेलो. मालकही तेवढ्यात आइस्क्रीम घेऊन आला. सहा फूट दोन इंच, तांबडी दाढी, अंगात लोकरी स्वेटर. त्यानं आधी बुटांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी इंग्रजीत माफी मागणार इतक्यात खालून आवाज आला, "आरं, ह्यानं मागचा डिफरन्शियल बदललाय!" मी भाषांतर केलं. दाढीवाला आइस्क्रीम बॉनेटवर ठेवून सरळ गाडीखाली शिरला. पुढचा अर्धा तास मी चार पायांचा दुभाषी होतो.

त्याचं नाव मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा जीभ अडली. आप्पांनी प्रश्न सोडवून टाकला, "पाटील म्हण." आडनाव इथं बहुतेकांना नसतंच, नावापुढं बापाचं नाव लागतं, त्यामुळं पाटील झाल्याबद्दल त्याची हरकत नव्हती. तो सुतारकाम करतो आणि उरलेल्या वेळात बचाव पथकाचा स्वयंसेवक आहे. उद्या टोरफाइराला जाणार का, असं त्यानं विचारलं. आप्पांच्या चेहऱ्यावरून त्याला उत्तर कळलं. "मग रविवारी आम्ही तिघं मित्र हिमनदीवर चाललोय. डिझेलचा वाटा द्या आणि चला."

शनिवार : उभ्या कड्याची बारी

शर्यत हेट्लाला. लिहिताना 'हेल्ला' दिसतं, पण दोन 'ल' आले की हे लोक मध्ये 'ट' घालतात. रेक्याविकपासून पूर्वेला साधारण 95 किलोमीटर. वाटेत हेत्लिसहेइदीचं पठार लागतं, तिथं जमिनीतून वाफ निघते आणि तिच्यावर वीज तयार होते. पठारावर बर्फ पडत होता. वळणं उतरून खाली क्वेरागेर्दी गावात आलो तर ऊन. या गावात गरम पाण्यावर काचेची घरं तापवून टोमॅटो पिकवतात, केळीसुद्धा लावतात. आणखी वीस मिनिटांनी सेल्फॉसला गारा.

मैदानावर गाडी लावली आणि आप्पांनी दार उघडलं. वाऱ्यानं ते हातातून हिसकावलं. त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवलं म्हणून बिजागरी वाचली, पण खांदा संध्याकाळपर्यंत दुखत होता. वाऱ्यानं दार मोडणं विम्यात बहुधा धरत नाहीत. गाडी वाऱ्याकडं तोंड करून लावा, दार एका हातानं कधीच उघडू नका. वाळू-राखेचा आणि खडीचा विमा वेगळा असतो, तो घ्या. नदी ओलांडताना झालेलं नुकसान जवळपास कुठल्याच विम्यात बसत नाही.

आता शर्यत. 'टोरफाइरा' म्हणजे जिथून जाणं अवघड अशी जागा. काळ्या वाळूच्या टेकड्या, त्यांच्या अंगावर काठ्या रोवून आखलेली वाट. गाडी एका वेळी एकच. काठ्यांच्या जोड्यांमधून वर वर जायचं, जितकं पुढं जाल तितके गुण. काठीला चाक लागलं, गाडी थांबली, मागं आली की गुण कापले. वेगाची शर्यत नाही, आणि तरीही इंजिन हजार अश्वशक्तीच्या घरातलं. गाडी म्हणजे नळ्यांचा पिंजरा, आत मोठं व्ही-8, ऐन चढाला नायट्रस ऑक्साइडचा फवारा, आणि टायरांवर फावड्यासारखे रबरी पंजे. ती टेकडीवर चढते असं म्हणणं चूक आहे, ती टेकडी खणत वर जाते. मागं वाळूचं कारंजं तीन मजले उडतं. आवाज छातीत लागतो. पहिल्या गाडीनं कड्याच्या तोंडाशी एक क्षण आकाशाकडं नाक केलं, सगळं मैदान श्वास धरून गप्प, आणि ती पाठीवर पडली. दोन कोलांट्या, तिसरी अर्धी. पोरं धावली, गाडी सरळ केली, चालकानं हात वर केला. वाकलेली नळी घणानं सरळ करून तासाभरानं तीच गाडी पुढच्या वाटेला उभी.

आप्पा पुटपुटले, "बारी चुकली." घाटातल्या बैलगाडा शर्यतीत त्यांचा जन्म गेलाय. इथं भंडारा नाही, हलगी नाही, पण माणसं तीच. काठावर घोंगडी अंथरून बसलेली म्हातारी, बापाच्या खांद्यावरचं पोर, आणि "गेल्या वर्षी त्यानं काय चढवली होती" असं सांगणारा एक तरी काका. मला भाषा कळत नव्हती, पण तो काका मी हावभावांवरून ओळखला.

शेवटचा प्रकार पाण्याचा. गाड्या भरधाव येतात आणि नदीच्या पात्रावरून निघून जातात. पूल नाही, उथळ नाही. चाकांचे पंजे पाणी इतक्या जोरात मागं ढकलतात की वेग आहे तोवर गाडी वर उचललेली राहते. पाय जरा ढिला पडला की बुडबुडे. एक गाडी मधोमध थांबली आणि दहा सेकंदांत चालकाचं शिरस्त्राणच तेवढं वर दिसत होतं. ट्रॅक्टरनं ओढून काढली. आप्पा या वेळी काहीच बोलले नाहीत. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

खाण्याच्या मांडवात बचाव पथकाची माणसं वाढत होती. इथली ही शर्यत गावचं बचाव पथक भरवतं, तिकिटाचे आणि वड्या-पावाचे पैसे त्यांच्या दोऱ्या-गाड्यांना जातात. आइसलँडला स्वतःचं लष्कर नाही. डोंगरात, बर्फात, समुद्रात कुणी अडकलं की जातात ते हेच सुतार, शिक्षक, मच्छीमार, बिनपगारी. पैसा उभा करायच्या त्यांच्या रीती मजेशीर आहेत. वर्षअखेरीचे फटाके देशभर मुख्यतः हेच विकतात, आणि नोव्हेंबरमध्ये किल्लीला लावायचा छोटा प्लास्टिकचा बचाववीर विकतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. टोरफाइरा पाहून तुम्हाला चेव येईल, पण उघड्या जमिनीवर रस्ता सोडून गाडी घालणं या देशात गुन्हा आहे आणि दंड जबर आहे. चाकाखाली चिरडलेलं शेवाळ भरून यायला दशकं लागतात. शर्यती ठरवून दिलेल्या खाणीत आणि वाळूतच होतात.

रविवार : हवा सोडणे

पाटील सकाळी सातला दारात. आप्पा पुढच्या सीटवर, मी आणि त्याचा एक मित्र मागं, तिसऱ्याची जीप आमच्या पाठीमागं. चढताना पायरी लागते. आप्पांनी मागं वळून मोकळी जागा पाहिली आणि हळहळले, "एवढी गाडी आणि चारच माणसं. सोळा आरामात बसली असती."

हवाल्फयोर्दुरच्या बोगद्यातून गेलो, समुद्राच्या तळाखालून पावणेसहा किलोमीटर. पुढं बोर्गार्नेस, मग हुसाफेल, मग डांबर संपलं. वाटेत पाटील आणि आप्पा जीपांवर बोलत होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि मग अमेरिकन सैन्य या बेटावर आलं, त्यांच्यामागून विलिज जीप आली आणि शेतकऱ्यांनी ती उचलली. आइसलँडिकमध्ये अशा कुठल्याही गाडीला 'येप्पी' म्हणतात, ते जीपचंच रूप. मी सांगितलं की महिंद्रनंही 1940 च्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलिज जोडण्यापासूनच गाड्यांची सुरुवात केली, कमांडर त्याच घरातली. पाटलानं आप्पांचा हात हातात घेऊन हलवला. दोन व्याही भेटल्यासारखं दृश्य.

बर्फाच्या कडेला गाडी थांबली आणि पाटील खाली उतरून चारही टायरांची हवा सोडायला लागला. सस्स आवाज थांबेचना. आप्पा कासावीस झाले. आयुष्यभर त्यांनी टायरवाल्याशी हवा कमी भरली म्हणून भांडणं केलेली. रस्त्यावर 28 होती, आता दहा, आठ, पाच. शेवटी तीन पौंड. टायर बसक्या म्हशीसारखा पसरला. याला 'हवा सोडणे' असंच साधं नाव आहे, आणि बर्फावर चालण्याचं सगळं गुपित तेच. टायर पसरला की जमिनीला लागणारा भाग कितीतरी वाढतो, वजन वाटलं जातं, अडीच-तीन टनांची गाडी भुसभुशीत बर्फावर तरंगते. टणक हवेचा टायर तिथंच खड्डा खणून बसतो. परतताना गाडीतल्याच पंपानं पुन्हा हवा भरायची. पाटील रिमबद्दल आणखी बरंच काही सांगत होता, बोटानं कडाही दाखवत होता. मी तेव्हा व्हिडिओ काढत होतो. "रिमचं काहीतरी वेगळं हाय म्हणतोय," एवढंच मी आप्पांना सांगितलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

लांगयोकुल ही आइसलँडमधली दुसऱ्या क्रमांकाची मोठी हिमनदी. नदी म्हणून काही दिसत नाही, पांढरी चादर वर वर जाते आणि आभाळात मिसळते. दुपारी ढग उतरले आणि वर-खाली असं काही उरलंच नाही. काचेबाहेर दूध. पाटील जीपीएसच्या पडद्यावरच्या रेघेकडं बघून ताशी दहाच्या वेगानं चालवत होता. दुसरी जीप तीस हातांवर असून दिसत नव्हती. मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू. आप्पांनी हळूच पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून पाटलाच्या हातावर ठेवला. त्यांच्या वडापात फोंडा घाटातलं धुकं लागलं की हीच पद्धत असायची म्हणे, ड्रायव्हरच्या तोंडात काहीतरी पाहिजे.

उतरून हुसाफेलजवळ आलो तेव्हा पाटलाच्या वायरलेसवर बोलणं सुरू झालं. काल्दिदालुरच्या बंद रस्त्यावर एक भाड्याची गाडी बर्फात रुतली होती, सगळ्यात जवळ आम्हीच. त्यानं आम्हाला विचारलं, चालेल का? आप्पांना भाषांतर लागलं नाही.

'रस्ता बंद' ही पाटी ओलांडून तीन-चार किलोमीटरवर छोटी पांढरी मोटार पोटावर बसली होती. आत एक जोडपं, हिटर चालू, चेहरे उतरलेले. पाटलानं ब्र काढला नाही. जाड मऊ दोर काढला, आप्पांनी खाली शिरून हूक अडकवला. मला वाटलं आता हळूहळू ओढणार. उलट जीप दोर ढिला सोडून पुढं पळाली, दोर रबरासारखा ताणला आणि मोटार बुचासारखी सुटून बाहेर आली. आप्पा म्हणाले, "आपल्या साखळीनं बंपर हातात आला असता."

जोडप्यानं पैसे विचारले. पाटील मान हलवून गाडीत बसला. मदतीचे पैसे घेत नाहीत. परतताना आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "इचार त्याला, डिझेल कोण देतंय?" मी विचारलं. पाटलानं कालच्या मांडवाची आठवण करून दिली, "तुम्ही काल किती खाल्लंत?" आप्पांनी तीन बोटं दाखवली.

डोंगराळ रस्ते, म्हणजे क्रमांकाआधी 'एफ' असलेले, साधारण जूनअखेरीनंतर उघडतात. बंदची पाटी असेल तर ती तुमच्यासाठीच आहे. निघण्याआधी रस्ते आणि हवामान रोज पाहा. अडचणीत 112.

सोमवार : धुणं

शेवटचा दिवस वाऱ्यानं खाल्ला. चालता येईना म्हणून पेट्रोल पंपावरच्या उपाहारगृहात मटणाचं सूप घेऊन बसलो. गाजर, बटाटा, सलगम, हाडाचं मटण. मसाल्याची पुडी संपली होती, तरी आप्पांनी दोन वाट्या घेतल्या.

तिथंच त्यांना शोध लागला की पंपाशेजारी गाडी धुवायला पाण्याची नळी आणि लांब दांड्याचा ब्रश आहे, आणि तो फुकट आहे. इथं बहुतेक पंपांवर असतो. विमानाला चार तास होते. पुढचा एक तास आप्पा वाऱ्यात उभे राहून भाड्याची गाडी धूत होते, चाकांच्या आतल्या बाजूनंसुद्धा. मी म्हणालो, आपण परत देणारच आहोत. "म्हणूनच," ते म्हणाले.

परतल्यावर

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. गावात चार दिवस पाऊस लागून होता, ओढ्याकडच्या शेताची वाट चिखलानं भरलेली, भाताची रोपं न्यायची होती. आप्पांनी कमांडरची ताडपत्री काढली, चारही टायरांची हवा पाच पौंडांवर आणली आणि अर्धं गाव बघत असताना चिखलात घातली. पन्नास फूट झकास गेली. मग मागचं चाक टायरच्या आतल्या आत फिरलं आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटून आला.

मी पाटलाला फोटो पाठवला. तो म्हणाला, रिमवर टायरची कड घट्ट धरून ठेवायची सोय लागते आणि टायर ट्यूबलेस लागतो, नाहीतर कमी हवेवर हे होणारच. हे त्यानं बर्फावर उभं राहून सविस्तर सांगितलं होतं म्हणे.

आप्पा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाटलाशी बोलत होते. आईच्या फोनवरून त्याला रोज चाकाचे फोटो जात होते, आणि गारगोटीच्या टायरवाल्याला आता कमांडरच्या मापाचे ट्यूबलेस रिम शोधायला लावलंय.